बसलेली खुर्ची

आमच्या धंद्यात सीट बसली म्हणजे बिघडली. माणूस बसला तर त्याला पाणी विचारायचं, सीट बसली तर ती उसवायची, आतला जुना फोम काढायचा आणि नवा भरून द्यायचा. मी सोफे आणि खुर्च्या भरायचं काम करतो. हयात त्यातच गेली. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो की माझा हात आधी सीटवर जातो. तळवा दाबायचा आणि सोडायचा. सीट लगेच वर आली तर चांगली. तळव्याचा खड्डा तसाच राहिला तर गेली. ही म्हणायची, लोक यजमानांची तब्येत विचारतात, तुम्ही त्यांच्या खुर्चीची नाडी बघता.

ही म्हणजे माझी बायको. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. लोक तिच्याबद्दल बोलताना 'ती' म्हणतात. लोकांसमोर मीही म्हणतो. लिहिताना 'ही' येतंय, तर येऊ दे.

आमच्या घरात खिडकीपाशी हिची खुर्ची होती. एका गिऱ्हाइकाने बनवून घेतलेला सांगाडा नंतर नेलाच नाही, तेव्हा कारखान्याच्या मालकांनी तो मला देऊन टाकला. मी तो भरला, निळं कापड लावलं. ही त्यात डावा पाय पोटाशी घेऊन बसायची, म्हणून सीट एका बाजूला जास्त बसली होती. भाजी निवडायची ती तिथे, मुलीशी फोनवर बोलायची ती तिथे, आणि शेवटी शेवटी तर दिवसभर तिथेच. मी अनेकदा म्हणालो, दे, भरून आणतो, कारागिराच्या घरात असली सीट बरी दिसत नाही. त्यावर हिचं ठरलेलं उत्तर होतं, "आत्ता कुठे माझ्या मापाची झालीय. तुम्ही परत परक्याची करून आणाल."

तर खुर्ची तशीच राहिली. आणि ही गेल्यावरही ती तशीच होती. सकाळी उजेड तिरपा यायचा तेव्हा सीटमधला खड्डा नीट दिसायचा. मी समोर बसून चहा प्यायचो. रडत वगैरे नव्हतो. मला काहीच होत नव्हतं. चहा संपला की कप विसळून कामावर जायचो.

आमच्या कारखान्यात फोरमन आहेत. कापड आणि फोम तेच कापतात, बाकीचे आम्ही भरतो, शिवतो, ठोकतो. ताठ माणूस. आमच्याकडून बसकी सीट बाहेर जात नाही, हे त्यांचं वाक्य गिऱ्हाईक दारात पाऊल टाकतानाच ऐकतं. त्यांची बायको हिच्या आधी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर हजर होते आणि त्यांनी पूर्ण सोफ्याचं कापड एकाही चुकीशिवाय कापून दिलं. ही गोष्ट मालक प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. कुणी गैरहजर राहिलं की सांगतात, कुणी घरच्या अडचणीचं नाव काढलं की सांगतात. मालक सांगत असतात तेव्हा फोरमन खाली मान घालून खडूने रेघ मारत असतात. ऐकू येत नसेल असं नाही. पण पुरे म्हणाले, असंही कधी झालं नाही.

बायको गेल्यापासून फोरमन स्वतःला 'आम्ही' म्हणायला लागले. आम्ही संध्याकाळी चहा घेत नाही. आम्हाला गर्दी चालत नाही. उद्या आम्ही जरा उशिरा येऊ. शिवणाच्या मशीनवर मावशी बसतात, त्यांची जीभ सुईपेक्षा धारदार. कौतुक डोक्यात गेलंय म्हणायच्या. एकटा जीव आणि आम्ही आम्ही, मागे फौज उभी आहे का यांच्या? त्यांनीच फोरमनना महाराज हे नाव पाडलं. महाराज आले, महाराजांनी कात्री मागितली. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण महाराजांना माहीत असावं.

ही गेल्यावर मी कामावर लवकरच आलो. दुसऱ्या दिवशी नाही, पण लवकर. सगळं करत होतो. मग एकदा मखमलीच्या सोफ्याची एक सीट उलटी चढवली. मखमलीची लव एका बाजूला वळलेली असते. ती उलटी लागली तर तेच कापड वेगळ्या रंगाचं दिसतं. शिकाऊ माणसाची चूक. गिऱ्हाइकानेच ती दाखवली, मालकांसमोर. मला वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त खिळे उपसायला घेतले.

दुपारी फोरमननी मला कापायच्या टेबलाशी बोलावलं. रागावले नाहीत. घरात काय काय ठेवलंयस, म्हणाले. मी म्हणालो, सगळंच आहे, आवरलं नाही. कपाट, चपला, कंगवा. आणि खुर्ची, असंही मी सांगितलं. ती कशी बसलीय तेही सांगितलं, कारण दोघांनाही त्याच भाषेत बोलता येत होतं.

"आम्ही दुसऱ्याच दिवशी सगळं काढलं," ते म्हणाले. "एक वस्तू ठेवली नाही. म्हणून आज ताठ उभे आहोत. तू रोज उठून त्या खड्ड्याकडे बघत बसतोस, मग हात चालेल कसा? आण ती खुर्ची इथे. भर. मग कपडे काढ. एकेक करून नको, एकदम."

मी म्हणालो, हिला आवडलं नसतं.

"तिला आता काय आवडायचंय," ते म्हणाले. हे त्यांनी हळू म्हटलं, आणि लगेच टेबलावरचा खडूचा भुगा हाताने झाडला.

मला वाटलं, हा माणूस यातून गेलाय. वाट ठाऊक असलेल्याच्या मागे जावं तसा मी गेलो. कारखान्याचा टेम्पो आमच्या बाजूला माल पोचवायला आला होता, त्यातून खुर्ची आणली.

जुनी खुर्ची उसवली की आतून काय काय निघतं. नाणी, बटणं, पेन्सिली, एकदा दातांची कवळी निघाली होती आणि घरात कुणीच ती आपली म्हणायला तयार नव्हतं. हिच्या खुर्चीतून एक टाचणी आणि एक वाळलेला वाटाणा निघाला. टाचणी मी टाचण्यांच्या डबीत टाकली. वाटाणा झाडून टाकला. मग फोम उचलला. तो पिवळा पडला होता पण अखंड निघाला, मधे खोल, डाव्या अंगाला जास्त. फोरमन शेजारी उभे होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. वजन बघतात तसा दोन्ही तळव्यांवर धरला. आमच्यात जुन्या फोमकडे कुणी असं बघत नाही, त्याला तुकड्यांच्या पोत्यात कोंबायचं असतं, पुढे त्याचा चुरा होऊन उशांमध्ये जातो. त्यांनी थोडा वेळ धरला आणि मग पोत्यात टाकला.

"बरं केलंस," म्हणाले.

नवा फोम त्यांनी स्वतः कापून दिला, कारखान्यात होता त्यातला सगळ्यात घट्ट. मालक येऊन बघून गेले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता तूही फोरमनच्या पंगतीला बसलास. मला ते थोडं आवडलं. खूप दिवसांनी काहीतरी आवडलं होतं, म्हणून लक्षात आहे. मावशी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. तिचं सासर दुसऱ्या गावात, यायला अर्धा दिवस जातो. तिने खुर्चीवर हात फिरवला. बसली, आणि लगेच उठली.

"दुकानातली वाटते," म्हणाली.

"दुकानातच भरली."

"हो. तेच म्हणतेय, बाबा."

मग ती स्वयंपाकघरात गेली. कपड्यांचं मी तिला सांगितलं, पुढच्या रविवारी ये, आपण सगळं एकदम काढू, फोरमन म्हणतात तसंच बरं असतं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. तुम्हाला हवं तसं, म्हणाली. मी कपाटातल्या साड्या चादरींमध्ये बांधून ठेवल्या. गाठोडी दाराशी लावून ठेवली. आता सकाळी चहा पिताना समोर काही नव्हतं. खुर्ची होती, पण बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. हात चालायला लागेल असं वाटलं होतं. तसाच होता, आधी होता तसा.

त्याच आठवड्यात फोरमनची कंबर धरली. फोमचा मोठा ठोकळा उचलताना वाकले ते वाकलेच. मावशी म्हणाल्या, ताठा होताच, आता डॉक्टरांनी वरून पट्टाही बांधलाय. महाराज घरी बसले. त्यांच्याजवळ कापडाच्या कपाटाची किल्ली राहिली होती, आणि ती आणायला मालकांनी मला पाठवलं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. ते कुणाला बोलावत नसत.

दार उघडायला बराच वेळ लागला. एक हात भिंतीला, एक कमरेला. मला बघून त्यांचा चेहरा फारसा खुलला नाही. किल्ली ना, आणतो, म्हणाले आणि वळायला गेले, पण त्यांच्याने वळवेना. तोंडातून आवाज निघाला तो त्यांनी खोकल्यात घातला. शेवटी म्हणाले, आत ये, फडताळात आहे, खालच्या कप्प्यात.

खोली स्वच्छ होती. भांडी पालथी घातलेली, पलंगावरची चादर ताणलेली. खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. एक नीट भरलेली, कडक. दुसरीचं कापड पुढच्या कडेला फाटलं होतं, शिवणीतली दोरी बाहेर लोंबत होती, आणि सीट बसून बसून भांड्यासारखी झाली होती. फोम फार जुना झाला की सुटायला लागतो. खुर्चीखाली जमिनीवर पिवळा भुगा पडला होता. बाकी सगळ्या खोलीत केर नव्हता. तेवढा भुगा कुणी झाडला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर एक बायकी स्वेटर होता, कोपरापाशी रफू केलेला. दाराच्या खुंटीवर एक पिशवी, खाली बायकी चपला.

मी किल्ली शोधली. ती हातात घेऊन उभा राहिलो. पाहुणा आल्यावर म्हणतात तसं ते सवयीने बस म्हणाले. मी जवळच्या खुर्चीकडे वळलो, आणि ती बसकी होती.

"तिथे नको."

मी उभाच राहिलो. ते पलंगाच्या कडेला टेकायला गेले, जमलं नाही, तसेच भिंतीला धरून राहिले. माझी नजर कुठे आहे ते त्यांना कळत होतं. मला ती हलवता आली असती, पण मी हलवली नाही.

"भरायची राहिलीय," ते म्हणाले. "वेळच होत नाही."

"मी भरून देतो. टेम्पो खाली आहे. संध्याकाळपर्यंत आणून ठेवतो."

हे मी टोचायला म्हणालो नव्हतो. बसकी सीट दिसली की आमच्या तोंडून हेच येतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"नको. त्या रंगाचं कापड आता मिळत नाही."

ते कापड आमच्या कपाटात होतं, दुसऱ्या फळीवर, पूर्ण तागा. त्या कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. ते त्यांनाही माहीत होतं. मी म्हणालो, हो, मिळत नाही.

निघताना औषध वगैरे काही हवं का विचारलं. नको म्हणाले. "आम्ही दुपारी इथे बसतो खिडकीत, ऊन असतं. बरं वाटतं." आणि मग त्यांनी तोंड मिटलं, जास्त बोलल्यासारखं.

जिना उतरताना मला ते वाक्य परत ऐकू आलं. कारखान्यात ऐकलं असतं तर महाराज म्हणून सोडून दिलं असतं. त्या खोलीत तो नुसता हिशेब होता. दोन खुर्च्या, दोन माणसं, आम्ही. मागे फौज नव्हती. एकच बाई होती. आणि ती कळू नये म्हणून या माणसाने सगळ्यांना आपल्याला गर्विष्ठ म्हणू दिलं होतं. ते त्याला चाललं. कीव चालली नसती. पण माझी खुर्ची त्याने उसवायला लावली होती. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की माझीही तशीच आहे. तीन शब्द. ते म्हणण्यापेक्षा त्याने फोम कापून दिला.

मला राग आला का, ते मी तपासून पाहिलं. आला नव्हता. टेम्पोत बसलो.

कारखान्यात आल्यावर मी आधी तुकड्यांच्या पोत्यापाशी गेलो. पोतं जवळजवळ रिकामं होतं. तरी हात घालून बघितलं. मावशी म्हणाल्या, काय शोधताय, भाऊ? मी म्हणालो, जुना फोम. त्यांनी मशीनवरचा पाय काढला. पोतं तर कधीच गेलं, म्हणाल्या. चुरा होऊन आला, उशा भरल्या, उशा गेल्यासुद्धा. कुणाच्या घरी ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुष्कळ घरी.

"तुमच्या हिच्या खुर्चीतला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग भरली कशाला?"

मी पोत्याचं तोंड बांधलं. त्यांनी दोरा तोडला, नवा ओवला. मग विषय बदलायचा म्हणून, की मला हसवायचं म्हणून, म्हणाल्या, "बरं, महाराजांचा दरबार कसा आहे ते तरी सांगा. सिंहासन बिंहासन आहे का?"

सगळे ऐकत होते. मालकही दारात होते. एक वाक्य पुरलं असतं. फोरमनची सगळ्यात मोठी गोष्ट तिथल्या तिथे संपली असती, आणि मालकांना नव्या माणसांना सांगायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं. शब्द तोंडात तयार होते. मी किल्ली मालकांच्या हातात दिली.

"साधं घर आहे," मी म्हणालो. "दोन खुर्च्या आहेत."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून महाराज आलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. मला वाटलं मुलगी लवकर आली. फोरमन होते. शर्टवरून कमरेचा पट्टा दिसत होता. दोन जिने चढून आले होते आणि कपाळावर घाम होता. मी बाजूला झालो. ते आत आले, दाराशी लावलेली गाठोडी त्यांनी पाहिली, ओलांडली, आणि थेट खिडकीकडे गेले. खुर्चीच्या सीटवर तळवा ठेवला. दाबला, सोडला.

"घट्ट आहे."

"हो. तुम्हीच कापला होता."

"हा लवकर बसणार नाही."

"नाही. माझ्या हयातीत तरी नाही."

पहिल्यांदा चुकलं असावं तसं त्यांनी परत एकदा दाबून पाहिलं. सीट वर आली. आम्ही दोघे तिच्याकडे बघत उभे होतो. मला त्यांना काही बोलायचं नव्हतं. त्यांना बोलायचं होतं हे दिसत होतं, आणि मला ते सोपं करून द्यायची इच्छा होत नव्हती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"कपडे आज द्यायचेत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाला होता. एकदम."

"देऊ नकोस."

मी म्हणालो, का?

ते खिडकीच्या गजाला धरून उभे होते. पाठ सरळ, कारण पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं. मला वाटलं, आता परत काहीतरी कारण निघेल, रंगाचं नाहीतर वेळेचं.

"आम्ही नाही दिले," ते म्हणाले.

एवढंच. माफी मागितली नाही, त्या दिवशी कारखान्यात जे सांगितलं होतं त्याचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांच्या कानशिलावरून घामाचा थेंब खाली आला आणि तो पुसायला हात वर नेणंही त्यांना जड जात होतं. उभं राहवत नव्हतं त्यांना. पलंग फार खाली होता. घरात बसण्यासारखी एकच जागा होती.

"बसा," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून सावकाश खाली बसले. कडक सीट, कंबर धरलेल्या माणसाला तीच हवी असते. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मी चहा टाकला. आम्ही चहा प्यायलो. ते संध्याकाळी चहा घेत नाहीत, पण ही सकाळ होती.

मुलगी आली तेव्हा मी गाठोडी सोडत होतो. तिने कुणाला काही विचारलं नाही. पर्स ठेवली आणि साड्या परत कपाटात लावायला लागली, आईच्या घडीने.

थोड्या वेळाने फोरमन निघाले. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले, आणि उठता उठता त्यांनी मागे वळून सीटकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते एवढा वेळ बसले होते. सीट हळूहळू वर आली आणि सपाट झाली, कुणी बसलंच नव्हतं तशी. चांगल्या फोमची हीच खूण आहे.